पुण्याचा तिसरा हिस्सा

ऋतूंच्या बाबतीत जपानी माणूस जितका दक्ष असतो, तितका आपल्याकडील महसूल खात्याचा अंमलदार पिकांच्या आणेवारीविषयीही नसेल. वसंतात चेरीचा बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकू लागला, की त्याच्या आगेकूचीचे नकाशे वर्तमानपत्रांतून छापून येतात. आणि शरदात पाने रंगू लागली, की तीच मोहीम उलट दिशेने निघते. होक्काइदोमधील दाइसेत्सुझान पर्वतावर सप्टेंबरातच तांबडा रंग चढतो, ऑक्टोबरात तो होन्शूच्या पहाडी मुलुखात उतरतो, आणि क्योतोच्या वेशीशी येऊन ठाकेपर्यंत नोव्हेंबराचा मध्य उलटतो. कोणत्या देवळाच्या आवारात पाने नुकती पालटू लागली आहेत, कोठे ती ऐन भरात आहेत आणि कोठे त्यांनी गळण्यास प्रारंभ केला आहे, याची ताजी बित्तंबातमी रेल्वे स्थानकांवरील फलकांवर लावलेली असते. आणि प्रौढ, प्रतिष्ठित, गळ्याशी नीट मफलर गुंडाळलेले गृहस्थ त्या फलकांसमोर उभे राहून, कपाळाला आठ्या घालून, खिशातल्या चिमुकल्या वहीत तिची नोंद करून घेत असतात.

या साऱ्या वैभवाचे कारण वनस्पतिशास्त्रज्ञांना विचारावे, तर त्यांचे उत्तर काहीसे विरस करणारे असते. रात्रीचे तापमान ८ अंशांच्या खाली उतरू लागले, की झाड हिवाळ्याची आवराआवर सुरू करते; पानांतील हरितद्रव्य मोडीत निघते, आणि गिंको वृक्षाच्या बाबतीत, त्या हिरव्या अमलाखाली उन्हाळाभर दडपून राहिलेला पिवळा रंग उघड्यावर येतो. मेपलची तऱ्हा निराळी. त्याच्या पानातील तांबडा रंग आधीपासून तेथे नसतो. देठाची वाट बंद होत चालल्यावर आत अडकून पडलेल्या साखरेतून तो ऐनवेळी तयार केला जातो. म्हणजे निवृत्तीच्या तोंडावर गिंको आपले मूळचे रूप निमूटपणे प्रकट करतो, तर मेपल हाती उरलेली शिल्लक रंगरंगोटीवर उधळून मोकळा होतो. आणि मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच असल्यामुळे, गर्दी लोटते ती मेपलच्या दारात.

ही गर्दी नोव्हेंबराच्या उत्तरार्धात क्योतोच्या बसगाड्यांतून वाहत असते, आणि तिच्यातून पाने पाहण्यासाठी जाणाऱ्याला प्रवासभर शेजाऱ्याचा कोट तेवढा दिसतो. सबब, विजेच्या साहाय्याने चालणाऱ्या सायकली भाड्याने घ्याव्यात, असा ठराव आम्ही दोघांनी एकमताने संमत केला. आम्ही दोघे म्हणजे मी आणि माझे एक वयोवृद्ध स्नेही, ज्यांनी उभी हयात सरकारी हिशेबतपासणीत घालविली, आणि ज्यांची दृष्टी सेवानिवृत्तीनंतरही, कोणत्याही रमणीय देखाव्यातील पहिली त्रुटी हुडकल्याखेरीज त्याच्या सौंदर्याकडे वळत नाही. आमच्या मंडळींत त्यांना ‘हिशेबनीस’ याच नावाने ओळखतात, आणि त्यांनाही ती पदवी मनातून आवडते.

सायकल हवी, पण विजेची कशाला, असा प्रश्न पुण्यात हयात गेलेल्या माणसाला पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर क्योतोच्या भूगोलात आहे. ७९४ साली राजधानी म्हणून काटकोनात आखलेले हे शहर तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले असून, दक्षिणेकडून उत्तरेकडे त्याची जमीन इतक्या बेमालूमपणे चढत जाते, की डोळ्यांना ती सपाटच वाटावी. दक्षिणेकडील तोजी मंदिराचा ५५ मीटर उंचीचा पाचमजली मनोरा आहे; त्याचे अगदी वरचे टोक आणि शहराच्या उत्तर भागातील किताओजी रस्त्याची फरसबंदी एकाच पातळीत येतात, असे तेथील लोक सांगतात. डोळ्यांना फसविणारी ही चढण गुडघ्यांना मात्र फसवू शकत नाही. त्यात पुन्हा देवस्थाने वसली आहेत ती डोंगरांच्या पायथ्याशी आणि त्याहीपेक्षा वर. कारण देव आणि संन्यासी या दोघांनीही जागा निवडताना भाविकांच्या सांध्यांचा विचार केल्याचे कोणत्याही देशाच्या इतिहासात आढळत नाही.

विजेच्या साहाय्याची ही सायकल जपाननेच प्रथम बाजारात आणली. १९९३ साली यामाहा कंपनीने ती विकावयास काढली. तिचा स्वभाव समजून घेण्याजोगा आहे. बसल्या जागी मूठ पिळून पळविता येणारे वाहन तेथील कायद्याने सायकल ठरत नाही. त्याला सामान्यतः परवाना लागतो. खरी विजेची सायकल पायडलवर पाय दाबला जाईल तेव्हाच आणि त्याच प्रमाणात मदत करते, आणि पाय थांबला की तीही हात आखडते. किती मदत करावी हेही तिच्या मर्जीवर सोडलेले नाही. ताशी १० किलोमीटर वेगापर्यंत मोटारीने मनुष्याच्या जोराच्या दुपटीहून अधिक जोर लावता कामा नये. त्यापुढे हे साहाय्य उतरत उतरत जाऊन ताशी २४ किलोमीटरला शून्यावर आलेच पाहिजे, असे सरकारी फर्मान आहे. २००८ सालापूर्वी तर हे प्रमाण बरोबरीचे होते. मनुष्याचा जोर जितका, तितकाच मोटारीचा.

हे कलम मी वाचून दाखविताच हिशेबनीसांनी चष्मा कपाळावर चढविला. “म्हणजे आधी निम्मेनिम बटई होती,” ते म्हणाले, “आणि २००८ साली यंत्राने तीन हिश्शांपैकी दोन हिस्से पदरात पाडून घेतले. आपल्याकडे कूळकायदा झाला तेव्हा निदान राबणाऱ्याची बाजू तरी सांभाळली होती. इथे तर राबणाऱ्याच्या वाट्याला एकतृतीयांश!” राबण्याच्या श्रमातही त्याला एकतृतीयांशच वाटा उचलावा लागतो, ही गोष्ट मी त्यांच्या निदर्शनास आणून दिली, परंतु हिशेबतपासनिसाची नजर आवक तपासत असताना जावक पाहत नाही.

दुकानाच्या दारातून आम्ही निघालो तो क्षण मात्र मोठा विलक्षण होता. डावा पाय जमिनीवर टेकवून उजव्याने पायडल हलकेच दाबावे, तोच सायकल अशी काही ओढ घेते, की कोणी मागून हात लावला काय म्हणून मनुष्य वळून पाहतो. हिशेबनीसांनी वळून तर पाहिलेच, आणि मागे कोणी नसल्याची खात्री पटल्यावर पुन्हा एकदा, यावेळी काहीशा कृतज्ञतेने, पाहिले. पुढच्या चौकापर्यंत ते ताठ मानेने, पन्नास वर्षांपूर्वीच्या ऐटीत गेले. तेथे एक तरुण माता, पुढच्या आसनावर एक व मागच्या आसनावर एक अशी दोन अपत्ये आणि टोपलीत भलामोठा मुळा घेऊन, तशाच सायकलीवरून आम्हांस मागे टाकून निघून गेली, तेव्हा त्यांची मान पूर्ववत झाली.

जपानी वाहतुकीचे कायदे हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. आपल्याप्रमाणेच डावीकडून चालावयाचे, एवढा दिलासा परकीयाला मिळतो आणि तेथेच संपतो. दोघांनी जोडीजोडीने, गप्पा मारीत जाणे निषिद्ध. पादचाऱ्याने बाजूस व्हावे म्हणून घंटी वाजविणेही निषिद्ध. घंटी असते, ती असलीच पाहिजे, परंतु संकटप्रसंगावाचून ती वाजविता कामा नये. पुण्याच्या रस्त्यांवर ज्याचा उजवा अंगठा लहानाचा मोठा झाला, त्याला हा निर्बंध किती जाचक वाटत असेल याची कल्पना इतरांना येणार नाही. सायकल सामान्यतः रस्त्यावरूनच चालविली पाहिजे. पदपथावरून जाण्याची सर्रास मुभा आहे ती तेरा वर्षांखालील बालकांना आणि सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या वृद्धांना. हिशेबनीस सत्तरीपलीकडचे, मी अलीकडचा. त्यामुळे मी मालमोटारींच्या धुरातून वाट काढीत असताना, ते पदपथावरून, शाळकरी पोरांच्या सोबतीने, माझ्याकडे सहानुभूतिपूर्वक पाहत चालले होते. वार्धक्याची सनद अशी दगडी पदपथावर वसूल करणारा दुसरा मनुष्य मी पाहिलेला नाही.

आमचा पहिला मुक्काम तोफुकुजी. या मठाची कथा सांगण्याजोगी आहे. पंधराव्या शतकाच्या प्रारंभी येथे मिंचो नावाचा एक चित्रकार भिक्षू राहत असे. त्याने बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे प्रचंड चित्र १४०८ साली सिद्ध केले, तेव्हा प्रसन्न झालेल्या शोगुन आशिकागा योशिमोचीने त्याला हवे ते माग म्हणून सांगितले. अशा प्रसंगी जहागीर मागावी, निदान एखादे इनाम गाव मागावे, हा सर्व देशांचा रिवाज. पण मिंचोने मागितले ते आवारातील चेरीची झाडे तोडण्याचे फर्मान. ही झाडे राहिली तर पुढे येथे फुले पाहणाऱ्यांच्या झुंडी येतील आणि साधनेच्या जागेचा तमाशा होईल, असे त्याचे म्हणणे. शोगुनाने झाडे तोडविली. आज त्याच आवारातील दरीत मेपलचे अरण्य आहे, आणि त्यावरून जाणाऱ्या त्सूतेनक्यो या छपरी लाकडी पुलावर ऐन हंगामात इतकी दाटी होते, की अखेर मठाने पुलावर उभे राहून छायाचित्रे घेण्यास बंदी केली. मिंचोने मोहाचे एक खाते बंद केले आणि शेजारी दुसरे आपोआप उघडले गेले. “झाडाची जात नमूद करावयास नको होती,” हिशेबनीस म्हणाले. “‘चेरी व तत्सम इतर’ असा मसुदा पाहिजे होता.”

पुलावरचे दृश्य मात्र अर्जफाट्याच्या पलीकडचे आहे. खाली दरीत पाने इतकी दाट, की प्रवाह ऐकू येतो, दिसत नाही. एकाच फांदीवर बुडख्याशी हिरवा, मध्ये केशरी आणि टोकाला जवळजवळ काळपट म्हणावा असा लाल रंग, आणि उन्हाची तिरीप आली की त्यातील शिरा न् शिरा निराळी. एक माळी बांबूच्या खराट्याने शेवाळावरची पाने लोटीत होता. लोटून झाल्यावर त्याने जरा मागे सरून पाहिले, मूठभर पाने उचलली आणि पुन्हा इकडेतिकडे टाकली. या एका कृत्यासाठी मी त्या देशाचे पुष्कळ अपराध माफ करीन. ओसाकाजवळच्या मिनो गावी तर हीच पाने वर्षभर मिठात मुरवून, गोडसर पिठात घोळवून तळतात आणि विकतात. ओव्याच्या पानांची भजी खाऊन वाढलेल्या माणसाला त्यात काही वावगे दिसण्याचे कारण नाही.

तेथून बाहेर पडलो तो भुरभुर पाऊस सुरू झाला, आणि मी पिशवीतून छत्री काढली. सायकलवर छत्री उघडण्यासही तेथे मनाई आहे. मी ती मुकाट्याने मिटीत असता हिशेबनीसांनी, जणू याच घटकेची वाट पाहत होते अशा थाटात, एक जुने वचन सांगितले. तीर्थाला जाणाऱ्याचे निम्मे फळ वाहन हिरावून घेते. त्याच्या निम्मे छत्री आणि पादत्राणे. वाटेत व्यापार करील त्याचे तीन-चतुर्थांश जाते. आणि जो वाटेत दान स्वीकारतो त्याचे सगळेच बुडते. “तेव्हा तुमची छत्री मिटविणारा हा कायदा,” ते म्हणाले, “वस्तुतः तुमच्या पुण्याचे रक्षण करीत आहे. पादत्राणे देवळाच्या उंबऱ्यावर उतरावीच लागतात. राहता राहिले वाहन. शास्त्र म्हणते निम्मे; जपान सरकार म्हणते दोनतृतीयांश. कोणता दर लावावयाचा?” कृत्य जेथे घडले तेथील कायदा लागू करावा, असे मी सुचविले. त्यांनी तसे लिहून घेतले, आणि मला त्या दिवसाच्या पुण्याचा तिसरा हिस्सा शेवटी मंजूर झाला.

पावसाच्या संदर्भात उत्तरेकडील किबुने देवस्थानाची वहिवाट त्यांना मी सांगितली. हा जलदेवतेचा ठाव. प्राचीन काळी पाऊस हवा असेल तर राजदरबाराकडून तेथे काळा घोडा पाठविला जाई आणि पाऊस थांबवावयाचा असेल तर पांढरा. पुढे जिवंत घोड्यांच्या जागी लाकडी फळीवर रंगविलेले घोडे अर्पण होऊ लागले, आणि आज जपानभर देवळांतून नवसाच्या ज्या चित्रफळ्या टांगलेल्या दिसतात, त्यांचा उगम येथेच आहे असे मानतात. “घोड्याची दाणावैरण धरून हिशेब करा,” हिशेबनीस गहिवरून म्हणाले. “काय ही काटकसर! आणि पावसाने हरकत घेतली नाही?”

नान्झेनजीच्या आवारातून, १८८८ सालचा विटांचा जलसेतू आणि त्याच्या कमानीखाली आपापली छबी टिपून घेणाऱ्या नवपरिणीत जोडप्यांची रांग ओलांडून, आम्ही एइकान्दोला पोहोचलो. मेपलसाठी हा मठ शतकानुशतके विख्यात आहे. परंतु मला तेथे ओढून नेले ते तेथील अमिताभाच्या मूर्तीने. जेमतेम ७७ सेंटीमीटर उंचीची ही काष्ठमूर्ती भक्ताकडे समोरून पाहत नाही; तिने मान डावीकडे वळवून मागे पाहिले आहे. सन १०८२ मधील थंडीच्या एका पहाटे योकान नावाचा भिक्षू मूर्तीभोवती नामस्मरण करीत फेऱ्या घालीत असता, मूर्ती चौथऱ्यावरून उतरली आणि त्याच्या पुढे चालू लागली. योकान थक्क होऊन जागीच थांबला. तेव्हा अमिताभाने मान वळवून त्याला मंदगतीबद्दल हटकले आणि मान तशीच राहिली. जगातील बहुतेक देव भक्ताच्या मागे उभे राहतात असे ऐकतो. भक्त मागे पडला म्हणून थांबून वळून पाहणारा देव मला अधिक आपला वाटला. हिशेबनीस बराच वेळ त्या वळलेल्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. “ताकीद दिली,” ते अखेर म्हणाले, “पण वेतनवाढ रोखली नाही.”

व्यापारावर तीन-चतुर्थांशाचा कर असल्याने गिऑन भागातील एका जुन्या मिठाईच्या दुकानात शिरताना त्यांचा पाय अडखळला. पण आत जो पदार्थ मिळतो तो पाहिल्यावाचून मराठी माणसाने क्योतो सोडणे गैर आहे. भारतातून चीनमार्गे जपानला गेलेल्या देवतांत आपला गणपतीही आहे. तेथे तो कांगितेन म्हणून पुजला जातो, बहुधा बंद दाराआड, आणि त्याच्या आवडत्या वस्तूंत मुळ्याचा समावेश झाला आहे. मोदक मात्र सुटलेला नाही. सप्तसुगंधी द्रव्ये घातलेले सारण पिठाच्या पारीत बांधून, वर आठ पाकळ्यांची गाठ मारून, तिळाच्या तेलात तळलेला हा मोदक हाताला दगडासारखा लागतो, आणि फोडल्यावर देवघराचा वास घरभर सुटतो. उकडीचा की तळणीचा, हा वाद जपानात गणपतीने आपल्या एकट्याच्या अधिकारात निकालात काढलेला दिसतो. खरेदी हा व्यापार नव्हे, खर्च आहे, असा निर्वाळा हिशेबनीसांनी दुकानाच्या पायरीवरच दिला आणि दोन घेतले.

दुसरे दिवशी वायव्येकडील ताकाओच्या डोंगरात जाताना पूर्वेला हिएइ पर्वत स्वच्छ दिसत होता, आणि त्या पर्वतावरील तेन्दाई पंथाच्या भिक्षूंचे व्रत आठवून माझ्या सायकलच्या आसनाला काटे फुटले. सात वर्षांच्या अवधीत एक हजार दिवस डोंगरवाटांनी चालावयाचे. सातशे दिवस भरल्यावर नऊ दिवस अन्न, पाणी व निद्रा यांवाचून काढावयाचे. आणि अखेरच्या वर्षी शंभर दिवस रोज ८४ किलोमीटर चालावयाचे. यातील कोणत्याही आकड्याला हिशेबनीसांनी आक्षेप घेतला नाही. त्यांनी फक्त आपली बॅटरी किती शिल्लक आहे ते पाहिले. मनुष्याची श्रद्धा तपासण्याचे हे नवे साधन आहे, असे माझे मत झाले आहे. पूर्वीचा यात्रेकरू घाटात देवाचे नाव घेई. हल्लीचा दर वळणाला पट्टीवरील उरलेल्या रेघा मोजतो. आणि त्याचे भय अनाठायी नाही, कारण बॅटरी संपल्यावर ही सायकल म्हणजे निव्वळ पंचवीस-तीस किलोंचा ऐवज उरते, ज्याचा तिसरा हिस्सा नव्हे, तिन्ही हिस्से आपल्याला ओढावे लागतात.

ताकाओच्या जिंगोजी मठात नवव्या शतकात कूकाई राहत असे. तोच कूकाई, ज्याने चीनच्या राजधानीत प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूपाशी संस्कृतचे धडे घेतले. मठाच्या दारापर्यंत चढून जाणाऱ्या शेकडो दगडी पायऱ्या आहेत, आणि तेथे कायद्याचे दोनतृतीयांश साहाय्य नदीकाठीच कुलूप लावून ठेवावे लागते. हिशेबनीसांनी या पायऱ्यांची नोंद ‘बिनबोजा’ या सदराखाली केली, आणि प्रत्येक पंचविसाव्या पायरीवर तिची फेरतपासणी करण्यास बसले. वाटेतल्या एका जुन्या पाषाणस्तूपाच्या पाच अंगांवर सिद्धम् लिपीतली बीजाक्षरे होती. वरून खाली ख, ह, र, व, अ. देवनागरी जाणणाऱ्याला ती थोड्या प्रयासाने लागतात. पंचमहाभूतांची ती चिन्हे आहेत हे मी सांगेपर्यंत हिशेबनीसांनी तो जावक क्रमांक म्हणून टिपून घेतला होता. माथ्यावर दरीच्या कडेला मातीच्या लहान लहान थाळ्या विकत मिळतात. त्या दरीत भिरकाविल्या की इडापिडा टळते. हिशेबनीसांची एक थाळी दोन हातांवरच्या मेपलला अडकली, तेव्हा पीडा अंशतः टळली असे मानावे काय, हा मुद्दा अद्याप प्रलंबित आहे.

मधला साइम्योजी, त्याचा तांबडा पूल, सारे घाईने पाहून आम्ही कोझानजीला आलो. हा मठ १२०६ साली म्योए या भिक्षूच्या हाती आला. जपानी चहाचे मळे जेथून पसरले असे मानतात तो चहाचा जुना मळा येथे आहे. बेडूक आणि ससे कुस्ती खेळताना दाखविणारी ती जगप्रसिद्ध चित्रगुंडाळी याच मठाची. झाडाच्या दुबेळक्यात पद्मासन घालून बसलेल्या म्योएचे चित्रही येथलेच. मोठा लोकविलक्षण माणूस! सुमारे चाळीस वर्षे त्याने आपल्या स्वप्नांची नोंदवही ठेवली. एकदा त्याने समुद्रातील एका बेटाला पत्र लिहिले आणि शिष्याला ते बेटावर नेऊन, कोणाकडून आले ते ओरडून सांगून, तेथेच टाकून येण्यास फर्माविले. समुद्रकाठचा एक खडा तो जिवापाड जपत असे, कारण त्याला स्पर्श करणारे पाणी भारताच्या किनाऱ्यालाही लागते.

भारतात, बुद्धाच्या भूमीत, पायी यावे, हा त्याचा आयुष्याचा ध्यास होता. त्यासाठी त्याने चीनमधील छांगआनपासून मगधातील राजगृहापर्यंतच्या अंतराचा आणि दिवसांचा हिशेब कागदावर मांडला. रोज आठ री (हे तेथील अंतराचे माप) चालल्यास एक हजार दिवस. नववर्षदिनी निघाले तर तिसऱ्या वर्षी दहाव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी राजगृह. रोज पाच रीच चालवले तर पाचव्या वर्षी, सहाव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, भर दुपारी! परंतु १२०३ साली कासुगा देवतेने एका स्त्रीच्या मुखातून त्याला जाण्यास मनाई केली. पुन्हा बेत केला तेव्हा दुखण्याने आडकाठी घातली. तो कधीच निघाला नाही आणि १२३२ साली येथेच वारला.

हे ऐकताना हिशेबनीस ओसरीवर बसले होते, आणि मी त्यांना इतके हेलावलेले पूर्वी पाहिले नव्हते. “भर दुपारी,” ते पुटपुटले. “पाच वर्षांच्या वाटचालीत घटकेपर्यंत अंदाज! अहो, न केलेल्या प्रवासाची बिले तपासण्यात माझी हयात गेली. शेकड्यांनी तपासली. पण न केलेल्या प्रवासाचा इतका चोख हिशेब, आणि त्यावर एक पैसाही उचललेला नाही, असा कागद मी आजच पाहतो आहे.” त्यांनी ओसरीच्या कडेला बसूनच, दरीतील मेपलांकडे पाठ करून, सायकलच्या वेगाने तोच प्रवास किती दिवसांचा होईल ते मांडावयास घेतले, आणि खोतान ते काश्मीर या टप्प्यात बॅटरी कोठे भरून घ्यावयाची, या एका बाबीवर ते अडले.

परतीच्या वाटेवर, रस्त्याकडेच्या एका घरापाशी आम्ही पाणी पिण्यास थांबलो. दारातील काकी या फळाचे झाड पानांवाचून उभे होते आणि अंगभर नारिंगी फळांनी लगडले होते. घरातून एक म्हातारी बाहेर आली, आमच्याकडे, सायकलींकडे आणि पुन्हा आमच्याकडे पाहून कमरेत वाकली, आणि दोन टपोरी फळे दोन्ही हातांनी हिशेबनीसांपुढे धरली. त्यांनी मागे पाऊल घेतले. दान घेतले तर सगळेच बुडाले! त्यांनी पैशांची थैली काढली. म्हातारीने हसून, हात हलवून ती परत खिशात घालावयास लाविली. तेव्हा त्यांनी अखेरचा इलाज म्हणून पिशवीतून लोणावळ्याच्या चिक्कीचे पुडके काढून तिच्या हाती दिले आणि फळे घेतली.

“ही देवघेव झाली,” मी म्हणालो. “वस्तुविनिमय. म्हणजे व्यापार.”

“तीन-चतुर्थांश गेले, पण पाव तरी वाचले,” ते म्हणाले, आणि सायकलकडे वळले. परंतु जपानात भेटीची परतफेड केल्यावाचून राहणे असभ्य समजतात. म्हातारी लगबगीने आत गेली आणि लोणच्याची बरणी घेऊन आली. हिशेबनीसांनी दुसरे पुडके काढले. म्हातारी वाकली, आत गेली, आणि कागदात बांधलेले काहीतरी घेऊन आली. आता त्यांच्या पिशवीत चिक्की उरली नव्हती. उरले होते ते कालचे दोन तळणीचे मोदक. त्यांनी क्षणभर ते चाचपले, माझ्याकडे पाहिले, एक मोदक तिच्या हातावर ठेवला, आणि ती तिसऱ्यांदा आत वळताच, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने टाकू नये अशी टांग टाकून, मदतीची कळ ‘कमाल’वर नेऊन, ते पदपथावरून सुसाट निघाले, आणि मी, वयाने पदपथाचा हक्क नसल्यामुळे, रस्त्यावरून त्यांच्या मागे.